ओला रुमाल

यंदा श्रावण मासांत आमच्या शाळेची सहल वेरूळ व अजिंठा येथील लेणीं पाहावयास गेली होती. तिचें सविस्तर वृत्त या अंकांत अन्यत्र आलें आहे. त्या वृत्तासोबत वेरूळचीं छायाचित्रें आहेत. परंतु अजिंठ्याचें एकही नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न कित्येक पालकांनीं मला प्रत्यक्ष विचारला. आणि ज्यांनीं विचारला नाहीं त्यांच्या कानांवर त्याचें एक उत्तर आलेंच असेल. इयत्ता नववींतील एका मुलाच्या निष्काळजीपणानें शाळेचा कॅमेरा भिजून निकामी झाला, असें तें उत्तर आहे. तें खोटें आहे. तें प्रथम माझ्याच तोंडून निघालें, म्हणून तें माझ्याच लेखणीनें परत घेणें मला प्राप्त आहे. शिवाय त्या प्रसंगानें ओलसर जागीं कॅमेरा कसा सांभाळावा याविषयीं मला जें ज्ञान झालें, तें आमच्या विद्यार्थिमित्रांस पुढेंमागें उपयोगीं पडेल, अशीही आशा आहे.

हा कॅमेरा कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं वर्गणी करून शाळेस भेट दिलेला होता. तो माझ्या ताब्यांत असे, आणि खरें सांगावयाचें तर त्याचा मला थोडा अभिमानही असे. पहिल्या दिवशीं आम्ही वेरूळास गेलों. तेथें डोंगराच्या उतारावर बौद्ध, हिंदु व जैन अशीं चौतीस लेणीं ओळीनें आहेत. कैलास लेणें पाहून मुलें थक्क झालीं. पण त्यांची खरी गर्दी झाली ती एकोणतिसाव्या लेण्यापाशीं. यास धुमार लेणें म्हणतात. पावसाळ्यांत त्याच्या शेजारीं ओढ्याचें पाणी उंच कड्यावरून कोसळतें. त्या जागेस सीतेची न्हाणी असें नांव आहे. वारा सुटला म्हणजे तुषार लेण्याच्या दारापर्यंत येतात, आणि खांबावर हात ठेवला तर तो ओला होतो. मीं तेथें पुष्कळ चित्रें घेतलीं. कॅमेऱ्यावर तुषार बसत, ते मी खिशांतील सुती रुमालानें टिपून घेई. सायंकाळीं निघण्यापूर्वीं मीं कॅमेरा त्याच रुमालांत गुंडाळला, जाड प्लास्टिकच्या पिशवींत घातला, पिशवीचें तोंड पिळून त्यावर दोन रबरी पट्ट्या आवळल्या, आणि भोंवतीं जमलेल्या मुलांस म्हणालों, "आतां ही पिशवी नदींत पडली तरी चिंता नाहीं!" दक्षता कशी असावी याचा धडा मुलांस दिल्याचें समाधान मानून मी त्या रात्रीं निजलों.

दुसऱ्या दिवशीं अजिंठ्याच्या वाटेवर कधीं पावसाची सर, तर कधीं लख्ख ऊन, असें श्रावणांतलें नेहमींचें हवामान होतें. पिशवी गाडीच्या खिडकीपाशीं उन्हांत पडली होती. खालीं उतरल्यावर मीं ती नववींतील एका मुलाच्या हवालीं केली. हा मुलगा हिंगोली जिल्ह्यांतील साखरा या गांवचा. आमच्या वसतिगृहांत राहून शिकतो. तो फारसा बोलत नाहीं, परंतु सांगितलेलें काम मन लावून करतो, म्हणून मीं त्याची निवड केली होती. वाघूर नदीच्या नालासारख्या वळणावरून लेण्यांकडे जात असतां मोठी सर आली. इतर मुलें धांवत सुटलीं. हा मात्र पिशवी पोटाशीं धरून, तिच्यावर वांकून, हळूहळू चालत आला. त्यामुळें सर्वांत अधिक तोच भिजला.

सव्विसाव्या लेण्यांत भगवान् बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ति आहे. तिचें चित्र घ्यावें म्हणून मीं पिशवी उघडली. कॅमेरा घामेजलेला होता. भिंगावर दंव धरलें होतें. पाठीमागील पडद्यावर थेंब होते. मीं कळ दाबली. दिवा लागला व विझला. मीं पुन्हां दाबली, पुन्हां दाबली, अशी पांच-सहा वेळां दाबली. आणि मग तो लागेनासाच झाला. मीं मान वर केली तों समोर तो मुलगा उभा होता व त्याच्या सदऱ्यांतून पाणी ठिबकत होतें. "तुझ्या हातीं दिला, हीच माझी चूक झाली," असें मी सर्वांदेखत बोललों. तो कांहीं बोलला नाहीं. तो खालीं पाहत राहिला.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानें यंत्र उघडून पाहिलें व सांगितलें कीं, आंतील सूक्ष्म जोडण्यांवर गंज चढला आहे. दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षां दुसरा घेणें बरें. ही वार्ता शाळेंत पसरावयास वेळ लागला नाहीं. लवकरच पोळ्याचा सण आला आणि वसतिगृहांतील मुलें घरोघरीं गेलीं. सण झाला, मुलें परत आलीं. तो आला नाहीं. आठ दिवसांनीं वसतिगृहाच्या अधीक्षकांस निरोप आला कीं, तो आतां शाळेंत येणार नाहीं, घरचीच शेती पाहणार आहे. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. रविवारची उपासना आटोपून मी हिंगोलीस व तेथून साखऱ्यास गेलों. जातांना तो निकामी कॅमेरा, ती पिशवी व तींतील सारें सामान जसेंच्या तसें झोळींत घातलें होतें. वडिलांची समजूत घालावी, मुलास दोन गोड शब्द सांगावे, झाल्या गोष्टीबद्दल त्यास उदार मनानें क्षमा करावी, एवढाच माझा हेतु होता. अपराध त्याचा आहे, याविषयीं मला तेव्हांही शंका नव्हती!

साखरा हें सेनगांव तालुक्यांतील शेतीवर जगणारें गांव. भाद्रपदाचे दिवस होते. सोयाबीन शेंगांवर आलें होतें, आणि हळदीचीं रुंद हिरवीं पानें वाऱ्यावर हलत होतीं. मुलाचे वडील ओसरीवर भेटले. त्यांनीं पाणी दिलें, चहा झाला. मग ते आंत गेले आणि फडक्यांत बांधलेल्या नोटा आणून त्यांनीं माझ्यापुढें ठेवल्या.

"आडत्याकडून उचल आणली, गुर्जी," ते म्हणाले. "हळदीवर फेडीन. पोरगं म्हणतं, माझ्या हातून गेला. अजून किती कमी पडतंय, तेवढं सांगा."

मला कांहीं सुचेना. मीं म्हटलें, "दादा, मी पैशांसाठीं आलों नाहीं. मुलास शाळेंत पाठवा, एवढेंच माझें मागणें आहे."

"धाडतो की. पर आधी मला कळू द्या, ह्यानं केलं काय? पाण्यात पाडला?"

"नाहीं. पाऊस आला आणि पिशवी भिजली."

"बघू बरं ती पिशवी."

मीं ती काढून दिली. त्यांनीं आंतला रुमाल ओसरीच्या कडेस ठेवला, पिशवी रांजणांतील पाण्यानें भरली, तिचें तोंड पिळून दोरीनें बांधलें व ती खुंटीस टांगली. मग आम्ही पाऊसपाण्याविषयीं बोलत बसलों. बराच वेळ गेला. पिशवीखालच्या कोरड्या जमिनीवर एकही थेंब पडला नव्हता.

"हिला भोक नाही, गुर्जी," ते म्हणाले. "मग पाणी आत शिरलं कुठून?"

त्यांनीं तो रुमाल उचलला. त्यावर काळे ठिपके पडले होते व त्यास कुबट वास येत होता.

"हा कुणाचा?"

"माझा."

"ओलाच बांधला व्हता का?"

मीं उत्तर दिलें नाहीं. त्याची आवश्यकताही नव्हती. वेरूळच्या धबधब्याचे तुषार, दिवसभर टिपून टिपून ओला झालेला रुमाल, पिळलेलें तोंड, आवळलेल्या पट्ट्या, आणि मुलांपुढें केलेली ती बढाई, सारें एका क्षणांत माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

"आमच्या हळदीचं असंच असतंय," ते हलक्या आवाजांत म्हणाले. मला लाजवावें असें त्यांच्या मनांत नव्हतें. "शिजवायची, मग पंधरा-पंधरा दिस उन्हात वाळवायची. चांगली वाळली की मोडताना टणकन् वाजती. एखाद्या साली आभाळ येतं, माणूस घाई करतं, अन् ओलसर मालच पोत्यात भरून तोंड शिवून टाकतं. मग वरून पाऊस लागायची गरज नाही. आतल्या आत घाम सुटतो अन् बुरशी धरती. जितकं गच्च बांधावं तितकी लवकर."

मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता. मीं त्यास हांक मारली व त्याच्या वडिलांसमक्ष त्याची क्षमा मागितली. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागण्याचा प्रघात आमच्याकडे नाहीं. त्यामुळें कोठें पाहावें हें त्यास कळेना. थोड्या वेळानें त्यानें एवढेंच विचारलें, "सर, परतीची गाडी किती वाजता आहे?" आणि तो आपलीं पुस्तकें आवरावयास आंत गेला. नोटांचें तें फडकें मीं त्याच्या वडिलांच्या हातीं परत दिलें.

परतीच्या वाटेवर मी विचार करीत बसलों. दंव कसें पडतें हें मी दरवर्षीं फळ्यावर आकृति काढून शिकवितों. आणि तेंच दंव माझ्या पिशवींत पडलें तेव्हां मला ओळखतां आलें नाहीं. हवेंत पाण्याची वाफ नेहमींच असते. ऊन हवेंत ती अधिक मावते, गार हवेंत कमी. तीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर सुमारें ३० ग्रॅम वाफ राहूं शकते. तीच हवा वीस अंशांपर्यंत निवाली तर तींत सुमारें १७ ग्रॅमच मावते. उरलेल्या १३ ग्रॅमांस बाहेर पडल्यावांचून गत्यंतर नसतें, आणि तें पाणी जी वस्तु गार असेल तिच्यावर जाऊन बसतें. गार पाण्यानें भरलेल्या पेल्यास बाहेरून घाम सुटतो तो याच कारणानें. माझ्या पिशवींत ओल्या रुमालानें रात्रभर हवेस वाफ पुरविली. सकाळीं गाडींतील उन्हानें ती आणखी पुरविली. आणि लेण्याच्या गारव्यांत आल्यावर ती वाफ पिशवीच्या आंतल्या अंगावर, भिंगावर व यंत्राच्या फटींत पाणी होऊन उतरली. पिशवी फुटकी असती तर कदाचित् कॅमेरा वांचला असता!

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी सांगतों. अलीकडे बहुतेक घरीं कॅमेरा नसला तरी छायाचित्रें घेणारा मोबाइल असतोच, तेव्हां त्या सर्वांच्याच कामीं येतील.

पहिली गोष्ट अशी कीं, यंत्र पिशवींत बंद करण्यापूर्वीं तें पूर्ण कोरडें झालें पाहिजे. आणि ज्या फडक्यानें तें पुसलें तें फडकें वेगळ्या पिशवींत गेलें पाहिजे. दोन कोरडीं फडकीं जवळ असावींत, म्हणजे एक भिजलें तरी दुसरें उरतें. पिशवींत सिलिका जेलची पुडी ठेवावी. नव्या बुटांच्या वा औषधांच्या खोक्यांत जी लहान पुडी सांपडते व जी आपण फेंकून देतों, तीच ही. तिचे दाणे हवेंतील ओल शोषून घेतात. कांहीं प्रकारचे दाणे कोरडे असतां निळे असतात व ओल धरल्यावर गुलाबी होतात. तसें झालें म्हणजे ते मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीं तापवून पुन्हां कामास लावतां येतात. हळद वाळली कीं नाहीं हें जसें तिच्या आवाजावरून कळतें, तसें पिशवी कोरडी आहे कीं नाहीं हें या दाण्यांच्या रंगावरून कळतें.

दुसरी गोष्ट धीराची आहे. गार ठिकाणाहून ऊन व दमट ठिकाणीं आलें असतां, उदाहरणार्थ वातानुकूलित गाडींतून पावसाळी हवेंत उतरलें असतां, पिशवी लगेच उघडूं नये. कोरडें यंत्र बंद पिशवींतच वीस-तीस मिनिटें राहूं द्यावें, म्हणजे तें बाहेरच्या हवेइतकें ऊन होतें व त्यावर दंव धरत नाहीं. भिंगावर धुकें आलेंच तर तें घाईघाईनें पुसत बसूं नये. पुसावें तों तें पुन्हां येतें. वाट पाहावी, यंत्र व हवा यांची उष्णता सारखी झाली म्हणजे तें आपोआप निघून जातें.

तिसरी गोष्ट वरून पडणाऱ्या पाण्याची. छत ठिबकत असेल तेथें एकानें छत्री धरावी व दुसऱ्यानें चित्र घ्यावें; एकट्यानें दोन्ही करूं जाणें हें संकटास आमंत्रण आहे. भिंगाच्या तोंडावर नळकांड्यासारखी टोपी बसवितात, ती अशा वेळीं फार उपयोगी पडते. प्लास्टिकची पिशवी पालथी घालून तिला भिंगापुरतें भोंक पाडावें व खालचें तोंड मोकळें ठेवावें. वरचें पाणी ओघळून जातें आणि आंतली हवा खेळती राहते. यंत्र जमिनीवर ठेवूं नये. भिंग बदलणें, विजेचा घट काढणें, हीं कामें ओल्या लेण्यांत करूं नयेत. कोरड्या जागीं येऊन करावींत. काळोखांत दिवा लावावयाचाच असेल व तेथें त्यास परवानगी असेल, तर तो भिंगाला लागून नसावा. तसा तो असला म्हणजे हवेंतील जलकण व आपल्याच श्वासाची वाफ उजळून निघते आणि चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो. दिवा बाजूस हातभर दूर धरावा आणि कळ दाबतांना क्षणभर श्वास रोखावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती न पाळल्यानेंच मीं आमच्या कॅमेऱ्याचा शेवट केला. यंत्र भिजलें असा संशय आला कीं तें सुरू करून पाहूं नये. आंत पाणी असतां वीज खेळविली म्हणजे जोडण्या झपाट्यानें गंजतात व एकमेकींस नको तेथें भिडतात. घट व साठवणीची पट्टी तात्काळ काढून घ्यावी, सर्व झांकणें उघडावीं आणि सावलींत, वाहत्या हवेंत, दोन-तीन दिवस वाळूं द्यावें. कडक उन्हांत वा चुलीपाशीं ठेवूं नये. उष्णतेनें भिंगांचे चिकटविलेले भाग सुटतात. तांदळांत पुरून ठेवण्याची रूढि सर्वत्र आहे. परंतु तांदूळ मोकळ्या हवेपेक्षां अधिक कांहीं साधत नाहीं, उलट त्याचा कोंडा फटींत शिरतो. मोबाइलवर पाण्यापासून संरक्षणाचा शिक्का असला तरी त्यानें फसूं नये. आयपी ६७ या खुणेचा अर्थ एवढाच कीं, नवें यंत्र एक मीटर खोल स्वच्छ पाण्यांत अर्धा तास टिकलें. आंतील रबरी कड जुनी झाली, यंत्र एकदां पडलें, कीं तो करार संपला. आणि घरीं आल्यावर यंत्र चामड्याच्या पेटींत वा कपाटाच्या तळाशीं महिनोन् महिने कोंडून ठेवूं नये. पावसाळ्यांत भिंगाच्या कांचेवरही बुरशी वाढते. तिचे तंतु कांचेवरील लेप खातात, आणि मग तो डाग जन्माचा.

छायाचित्रकार व ओल यांचें हें नातें नवें नाहीं. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. तींत कांचेवर लेप देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावांत बुडवीत, आणि ती ओली असतांच चित्र घेऊन लगेच धुवीत. कांच वाळली कीं सारा खटाटोप व्यर्थ. म्हणजे त्या काळच्या छायाचित्रकारास कांच ओली कशी राहील याची चिंता, आणि आम्हांस ती कोरडी कशी राहील याची! १८६६ सालीं अमेरिकेंतील केंटकी प्रांताच्या मॅमथ गुहेंत चार्ल्स वाल्डॅक यांनीं मॅग्नेशियम जाळून त्याच्या उजेडांत चित्रें घेतलीं. आमच्या अजिंठ्यासही असा एक धीराचा पुरुष लाभला होता. मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल हे अधिकारी १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले गेले. त्यांनीं वर्षानुवर्षें तेथें राहून मोठमोठ्या नकला रंगविल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ च्या आगींत बहुतेक जळून गेल्या. गिल यांनीं पुढें कॅमेराही हातीं घेतला होता, आणि त्यांचीं छायाचित्रें जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४ सालच्या ग्रंथांत आलीं. नकला जळाल्यावरही ते पुन्हां कामास लागले. १८७९ सालीं ते वारले. त्यांची कबर भुसावळ येथें आहे.

परंतु अजिंठ्याची सर्वांत बोधप्रद गोष्ट मला आमच्या पिशवीच्या प्रसंगानंतरच नीट समजली. तेथील चित्रें मातीच्या गिलाव्यावर काढलेलीं आहेत. त्या मातींत भुसा व वनस्पतींचे तंतु मिसळलेले असल्यामुळें ओल ही त्यांची वैरीण. विसाव्या शतकाच्या आरंभीं अजिंठा व आपला हिंगोलीचा मुलूख हीं दोन्ही हैदराबाद संस्थानांत होतीं. त्या संस्थानानें १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी प्रभृति तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटत चाललेला गिलावा मोठ्या कौशल्यानें जागच्या जागीं बसविला. पुष्कळ चित्रें आज उभीं आहेत त्यांचें श्रेय त्यांस आहे. परंतु रक्षणार्थ त्यांनीं चित्रांवर चपडा लाखेचा लेपही दिला, आणि पुढें तोच लेप पिवळा व काळसर पडून चित्रांवर पडद्यासारखा बसला. तो अलगद काढण्यांत पुढच्या पिढ्यांच्या रसायनज्ञांस दीर्घकाळ खपावें लागलें. हेतु शुद्ध, ज्ञान मोठें. तरी जें झांकण रक्षणासाठीं घातलें त्यानेंच हानि केली. मग माझ्यासारख्याची काय कथा?

आज अजिंठ्यास झोताचा दिवा वापरण्यास मनाई आहे. पुष्कळ मुलांस ती जाचक वाटते. त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, आपण लेण्यांत शिरतों तेव्हां आपला श्वास, आपला घाम व आपलीं ओलीं वस्त्रें यांची वाफ त्या भिंतींपर्यंत पोंचते. कॅमेरा बिघडला तर दुसरा घेतां येतो. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच्या त्या कलावंतांचा हात पुन्हां आणतां येत नाहीं. म्हणून तेथें थोडा वेळ थांबावें, भिंतीस स्पर्श करूं नये, आणि चित्र मिळालें नाहीं तर डोळ्यांनीं पाहिलेलें पुष्कळ मानावें.

आतां राहिलें तें सांगून संपवितों. साखऱ्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं मीं सर्व शाळेपुढें खरी हकीकत सांगितली. तथापि पसरलेली अफवा पायानें चालते आणि तिची दुरुस्ती पांगुळगाड्यानें, असा अनुभव आहे; घरोघरच्या पालकांपर्यंत ती पोंचावी म्हणून हा लेख. मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें मीं एक वापरलेला परंतु चांगला कॅमेरा घेऊन शाळेस दिला आहे. त्याचे हप्ते माझ्या वेतनांतून जातात, आणि तें योग्यच आहे. त्याचा रक्षक तोच साखऱ्याचा विद्यार्थी आहे. दर शनिवारीं तो पेटी उघडतो, यंत्रास वारा दाखवितो, दाण्यांचा रंग पाहतो व वहींत तारीख लिहितो. मीं एकदां सहज रुमाल पुढें केला, तेव्हां त्यानें तो आधीं हातांत घेऊन चांचपून पाहिला आणि मगच कॅमेऱ्यास लावला. मला राग आला नाहीं.

डोळ्यांतील कुसळाचा व मुसळाचा जो दृष्टान्त प्रभु येशूनें सांगितला, तो मीं आजवर कितीतरी वर्गांस समजावून दिला आहे. तो अवघड नाहीं, असें मला वाटत असे. आतां मी तो शिकवितों तेव्हां मला एका बंद पिशवीची आठवण होते. आपण बाहेरच्या पावसावर पहारा ठेवतों; दुसऱ्याचा भिजलेला सदरा आपल्या लगेच डोळ्यांत भरतो. गांठ मारण्यापूर्वीं आंत आपण स्वतः काय ठेवलें, हें पाहावयाचें मात्र राहून जातें. या अंकांत अजिंठ्याच्या चित्राची जागा रिकामी आहे. वाचकांनीं ती पाहिली म्हणजे त्यांनीं त्या मुलाचें नव्हे, माझें नांव घ्यावें, एवढीच विनंति आहे.